भुकेची मागली बाकी

नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले की रेवदंड्याच्या बाजारात ओल्या मासळीच्या पाट्या पुन्हा दिसू लागतात. त्या दिवसांतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतलं, पण अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही आळीत सापडेल असं. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे. या प्रकरणापुरतं तिला मनी म्हणू.

जूनपासून मनीचं जेवण म्हणजे रोजचं रणकंदन. भात कोरा पांढरा हवा. त्यावर वरणाचा थेंब पडला की ताट सरकवायचं. सुकटीचा वास आला की नाक मुठीत. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा तेवढा सोलून खायचा, उरलेली भाकरी आईच्या ताटात. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करता करता चिऊ-काऊ दमत, मनी दमत नसे. आणि आज, कुणी काही केलेलं नसताना, तिनं मांदेलीच्या कालवणात भात कालवला, ताट बोटांनी पुसून घेतलं आणि आईपुढे धरलं. ‘अजून.’

अजून दिलं, तेही संपलं. तिसऱ्यांदा ताट पुढे आलं तेव्हा घर गप्प झालं.

‘काय गो, पोटात वणवा पेटला की काय?’ असं म्हणत आजी मीठ-मोहऱ्या शोधायला उठली. दृष्ट काढायला हवी. शेजारीण म्हणाली, ‘जंत असतील. जंतांनी अशीच खा खा सुटते.’ बाबांनी फडताळातल्या टॉनिकच्या बाटलीकडे कौतुकानं पाहिलं. आणि आई, जी तीन महिने मूल खात नाही म्हणून रडकुंडीला आली होती, ती आता मूल खातंय म्हणून घाबरली. भस्म्या तर नाही ना झाला?

चार माणसं, चार निदानं, आणि चौघांची नजर ताटावर. आपण या प्रकरणात ताट जरा बाजूला ठेवू आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघू. हट्टी, चोखंदळ मुलाची भूक एकाएकी उघडते ती बहुतेक वेळा मागल्या बाकीची वसुली असते. ही बाकी कधीपासून आणि कशामुळे थकली, ते कॅलेंडर सांगतं.

आधी भूक गेलीच कशी?

तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं. जन्मापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत उंची सुमारे २५ सेंटीमीटरने वाढते. हाच तिपटीचा हिशोब पुढे चालू राहिला असता तर तिसऱ्या वाढदिवसाला मूल ८१ किलोचं झालं असतं. तसं होत नाही, कारण वाढ स्वतःच आवरतं घेते. दुसऱ्या वर्षात उंची १२ सेंटीमीटरच्या आसपास आणि वजन दोन-अडीच किलो, त्यानंतर दरसाल सहा-सात सेंटीमीटर आणि सुमारे दोन किलो. बांधकाम मंदावलं की विटा-वाळू कमी लागते. वर्षाच्या आगेमागे मुलांची भूक कमी होते ती याच कारणाने. घरच्यांच्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्या वर्षाचं गुटगुटीत, बाळसं धरलेलं रूप असतं, आणि त्या मापाने पुढची सगळी वर्षं उपाशी वाटतात.

त्यात भर पडते अनोळखी अन्नाच्या धास्तीची. दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं नवा पदार्थ नुसता पाहूनच नाकारतात. पाय फुटलेलं, दिसेल ते तोंडात घालू शकणारं पोर विषारी पाल्याफळांपासून वाचावं म्हणून ही सावधगिरी उपयोगी पडली असावी, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. कारण काहीही असो, या वयातला ‘नको’ हा आईच्या हाताच्या चवीवरचा अभिप्राय नसतो.

आता मनी खरंच किती कमी खात होती ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या तक्त्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,०१० किलोकॅलरी लागतात, चार ते सहा वर्षांच्या मुलाला १,३६०. मनी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. तिच्या दिवसात सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा लिटर दूध जातं, म्हणजे तीनशेहून अधिक कॅलरी. चहात बुडवलेली आणि येता-जाता हातात दिलेली ग्लुकोज बिस्किटं ५० ग्रॅम धरली तर आणखी सव्वादोनशे. ताटावर बसायच्या आधीच दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा कोटा पोटात गेलेला असतो. ‘काही खात नाही’ असं म्हणताना घरचे फक्त ताटातलं मोजतात. मनीचं शरीर सगळंच मोजतं.

मुलं खरोखर असं मोजतात का, हे अमेरिकेत लिआन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तपासलं. दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं सहा वेगवेगळ्या दिवशी चोवीस तासांत जे जे खाणं झालं, ते सगळं त्यांनी नोंदवलं. एकेका जेवणात मूल किती खाईल याचा काही भरवसा नव्हता. तिथला चढउतार सरासरी ३३.६ टक्के निघाला. दिवसाची बेरीज केली तर तो १०.४ टक्क्यांवर आला. सकाळी न जेवलेलं मूल दुपारी भरपाई करत होतं, दुपारी भरपूर जेवलेलं रात्री हात आखडत होतं. आई एका जेवणावरून निकाल देते, पण मुलाचा हिशोब दिवसाचा असतो, आणि कधी कधी आठवड्याचाही.

याच्याही आधी, १९२६ मध्ये, क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने असा प्रयोग सुरू केला की आजच्या कुठल्याही आजीला घेरी यावी. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या, पुढे एकूण पंधरा झालेल्या मुलांना तिने आपलं अन्न आपण निवडू दिलं. समोर ताटल्या मांडायच्या. मूल बोट दाखवेल ते चमच्यात घ्यायचं. भरवणाऱ्या परिचारिकेने आग्रह करायचा नाही, कौतुकही करायचं नाही. मुलांनी चित्रविचित्र जेवणं केली, आज अंडीच अंडी, उद्या केळीच केळी. तरी ती उत्तम वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलेलं असे; ते त्याने हाडं बरी होईपर्यंत आपणहून घेतलं, मग सोडलं. यात एक ग्यानबाची मेख आहे. डेव्हिसच्या यादीतले ३४ पदार्थ सगळे साधे, ताजे, साखरेविना होते. त्या यादीत बिस्किटाचा पुडा नव्हता आणि कुरकुऱ्याचं पाकीटही नव्हतं. मुलाची भूक शहाणी असते, पण समोर काय मांडलंय यावर तिचं शहाणपण अवलंबून असतं.

वाढ पायरीपायरीने

मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडणाऱ्या घरांना एक गोष्ट ठाऊक असते. कधी चार महिने रेघ हलत नाही, आणि मग एकदम दोन बोटं वर जाते. १९९२ मध्ये मिशेल लॅम्पल आणि सहकाऱ्यांनी ३१ तान्ह्या मुलांची लांबी दीड-दोन वर्षांच्या वयापर्यंत वारंवार, काहींची तर रोज मोजली आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. नव्वद ते पंचाण्णव टक्के दिवस मुलं अजिबात वाढत नव्हती. वाढ झाली की एका उडीत अर्धा ते अडीच सेंटीमीटर, मग पुन्हा विसावा. हे मोजमाप तान्ह्या मुलांचं आहे, ते साडेतीन वर्षांच्या मनीवर जसंच्या तसं लावता येणार नाही. पण वाढ रोज सारख्या मापाने होत नाही, एवढं त्यातून ध्यानात घ्यावं.

ऋतूचाही यात हात असतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका गृहस्थाने १७५९ पासून आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी अठरा वर्षं मोजली. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँने ती आपल्या ग्रंथात छापली. मुलाची वाढ वर्षभर एकसारखी नसते, ऋतूप्रमाणे कमीजास्त होते, हे त्या एका मुलाच्या आकड्यांतही दिसतं. आपल्याकडे थंड प्रदेशातले ऋतू नाहीत. आपल्याकडे पावसाळा आहे.

पावसाळ्याची थकबाकी

रायगडच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. खाडीतली निवटी, चिवणी मिळाली तर मिळाली. नाहीतर उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, जवळा, सोडे. मोठ्यांना त्याचाच सोस असतो, पण साडेतीन वर्षांच्या नाकाला तो वास झेपतोच असं नाही. ओल्या मासळीत आणि भातात वाढलेल्या मुलाच्या ताटातला आवडीचा पदार्थ दोन महिने गायब होतो. अनोळखी अन्न न खाणारं मूल ओळखीचंही मिळत नाही म्हणून अडून बसतं.

हेच दिवस तापाचे, सर्दी-खोकल्याचे आणि पोट बिघडण्याचे. विहिरीचं पाणी गढूळ, कपडे वाळत नाहीत, माश्या घोंघावतात. मनीला जूनअखेर ताप येऊन गेला, जुलैत चार दिवस जुलाब झाले. संसर्ग झाला की शरीर जी संरक्षक रसायनं सोडतं त्यांतली काही मेंदूवर काम करून भूकच बंद करतात. त्याच वेळी खर्च वाढतो. ताप एक अंश सेल्सियसने चढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. आवक बंद, जावक वाढलेली. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर जूनमध्ये १३.१ किलो भरलेली मनी ऑगस्टमध्ये १२.६ भरली तर नवल नाही.

आजार सरला की हे अर्धा किलो शरीर वसूल करतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जुलाब थांबल्यावर किमान दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जादा द्यावं. जुलाबात मीठ-साखर-पाण्याचं ओआरएस आणि सोबत १४ दिवस जस्ताची गोळी देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जस्त कमी पडलं तर चवही मरते आणि भूकही. ते भरून आलं की तोंडाला चव येते. आपल्या जुन्या बायका तापातून उठलेल्या मुलाला आधी पेज, मग मऊ भात, मग तूप-मेतकूट अशा पायऱ्यांनी वर आणत आणि ‘आता त्याला लागेल तेवढं दे’ म्हणत. ती पद्धत या सल्ल्याच्या जवळची आहे.

वसुलीची भूक कशी असते, हे सर्वात स्पष्ट दिसतं ते तीव्र कुपोषणातून बाहेर येणाऱ्या मुलांत. जमैकातल्या एका संशोधन केंद्रात अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी १९६९ मध्ये अशा मुलांची नोंद प्रसिद्ध केली. सुरुवातीला घोटभर दूधही नको म्हणणारी ही मुलं एकदा सावरली की प्रचंड खाऊ लागत, आणि त्यांचं वजन त्या वयाच्या निरोगी मुलापेक्षा कितीतरी पट वेगाने वाढे. मग एक दिवस, उंचीला साजेसं वजन झालं की, त्यांचं खाणं आपोआप आणि एकाएकी उतरे. मुलांना वजन समजत नव्हतं, तक्ता वाचता येत नव्हता. बाकी फिटली एवढं शरीराला कळलं आणि त्याने हात आखडता घेतला. मनीच्या आईने हे लक्षात ठेवावं. शेवटी उपयोगी पडणार आहे.

कुपोषणावरचे उपचारही याच खुणेवर चालतात. पोषण पुनर्वसन केंद्रात अतितीव्र कुपोषित मुलाला आधी थोडं थोडं, दोन-तीन तासांनी, हलकं दूध देतात. भूक परत आली म्हणजे पहिला धोका टळला असं समजून पुढचं, अधिक ऊर्जेचं दूध सुरू करतात. मूल गावात राहून बरं होईल की दवाखान्यात न्यावं लागेल, हे ठरवताना ‘भूक चाचणी’ घेतात. समोर ठेवलेलं अन्न मूल खाईना, तर ते गंभीर.

इथे रायगडचीच दुसरी बाजू सांगायला हवी. किनाऱ्यापासून तास-दोन तासांवर कर्जत-खालापूरच्या, सुधागडच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांचंही शरीर असाच हिशोब ठेवतं. पण बाकी वसूल करायला ताटात काहीतरी यावं लागतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. बाकी फार वर्षं थकली की ती अशी उंचीतून कापली जाते.

शेजारणीचे जंत

‘खा खा सुटली म्हणजे जंत’ हे मराठी घरातलं जुनं निदान आहे. जंत मुलाचं अन्न खातात, म्हणून मूल जास्त खातं, असा त्यामागचा तर्क. तपासणीत चित्र नेमकं उलटं दिसतं. १९९३ मध्ये केनियातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंत असलेल्या मुलांना अल्बेंडाझोलचा एक डोस दिला, आणि भूक मोजायला एक सोपी युक्ती केली: पेजेसारखी लापशी हवी तेवढी प्यायला दिली आणि किती प्यायली ते मोजलं. चार महिन्यांनी औषध मिळालेली मुलं अधिक लापशी पीत होती, अधिक वाढलीही होती. जंत असताना भूक मंदावलेली होती. ते गेल्यावर उघडली.

आता पुन्हा कॅलेंडर. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. त्या दिवशी अंगणवाडीत दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी. मनीने ती गोळी घेतली होती. शेजारीण जंतांचं नाव घेते ते अगदीच चूक नाही. फक्त ते आले म्हणून नव्हे, गेले म्हणून भूक वाढलेली असण्याचा संभव अधिक.

हेच रक्ताबाबत. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. दर तीन मुलांत दोन. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं असतं, लवकर दमतं आणि जेवत नाही. जेवत नाही म्हणून लोह आणखी कमी होतं. काही मुलं माती, खडू, भिंतीचा पोपडा चाटतात. आशाताई घरी देतात ते लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर नेमाने गेलं, तर काही आठवड्यांत भूक सुधारलेली दिसते. त्याच्या जोडीला जेवणाबरोबरचा चहा बंद करावा, कारण चहा लोह शोषू देत नाही. आणि दुधाचं माप अर्ध्या लिटरच्या आत आणावं. पोटात जागा झाली की भूक आपोआप दिसते. शौचाला खडा होणं हेही न जेवण्याचं अगदी साधं कारण आहे. पोट साफ झाल्यावर एकेका मुलाचं जेवण त्याच संध्याकाळी सुधारतं. अडीच वर्षांच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढा येतात. हिरड्या ठणकत असताना न चावणारं मूल, दाढा वर आल्यावर भाकरीची कड आणि कोंबडीचा तुकडा चावू लागतं.

पंगत

भाद्रपदात गणपती येतात आणि मुंबईचे चाकरमानी किनाऱ्यावरच्या घरांत उतरतात. मनीच्या घरी पाच चुलत-आते भावंडं जमली. ओटीवर पाट मांडून पोरांची पंगत बसली, केळीच्या पानावर वालाचं बिरडं आलं. जून-जुलैत बिरडं बघून किंचाळणारी मनी शेजारच्या आठ वर्षांच्या दादाकडे बघत बसली, मग त्याने उचलला तसा एक वाल तिने उचलला. सोलून आत काय आहे ते पाहिलं. खाल्ला.

लिआन बर्च यांनीच १९८० मध्ये हा प्रकार बालवाडीत तपासला होता. एक भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवलं. कुणी आग्रह केला नाही. मुलाची निवड बदलली, आणि सोबतची मुलं नसतानाही काही काळ टिकली. एकटं मूल आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेली तीन मोठी माणसं, ही जेवणाची मांडणी जगातल्या कुठल्याही मुलाची भूक घालवेल. पंगतीत कुणाचंच लक्ष नसतं, आणि नेमकं तेच मुलाला हवं असतं.

नव्या पदार्थाला मूल सरावायला वेळ लागतो. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा तो समोर यावा लागतो, चाखावा लागतो. बरेच आईबाप चौथ्या वेळी ‘हिला आवडतच नाही’ असं ठरवून मोकळे होतात.

वाढायचं किती?

मराठीत मूल वाढतं आणि ताटात अन्नही वाढतात. क्रियापद एकच, पण कर्ते वेगळे. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी या दोघांच्या कामाची वाटणी सोप्या शब्दांत करून दिली आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. भूक उघडली तेव्हाही हीच वाटणी. मनीने तिसऱ्यांदा मागितलं तर तिसऱ्यांदा द्यावं, भात, मासळी, वरण, नाचणीची भाकरी, अंडं, केळं. ‘शहाणी गं माझी, किती जेवली!’ असा गजरही करू नये. चार दिवसांनी कमी जेवली की ती वेडी ठरते.

भूक उघडली आहे तर घ्या साधून, म्हणून पाकिटं, बिस्किटं, चॉकलेटं पुढे करणं मात्र महागात पडतं. याचं कारण पुण्याने दाखवून दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजनात इतकी मागे असलेली आपली बाळं कातडीखालच्या चरबीत तेवढी मागे नव्हती; कमी पडले होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबीची. अशा शरीराची बाकी साखरेने आणि तेलाने फेडली तर ती मोठेपणी मधुमेहाच्या रूपाने परत येऊ शकते. बाकी ज्या चलनात थकली त्याच चलनात फेडावी: प्रथिनं, लोह, साधं अन्न.

ही भूक वेगळी

आता आईच्या भीतीकडे. भस्म्या हा शब्द उगाच तयार झालेला नाही. काही थोड्या मुलांत वाढलेली भूक खरोखरच आजाराची असते. ओळखायची खूण सोपी आहे. वसुलीच्या भुकेत मूल खातं, वाढतं, खेळतं, झोपतं. आजाराच्या भुकेत हिशोब जुळत नाही.

मूल खातंय आणि तरी वाळतंय, सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, रात्री कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय, लघवीला मुंग्या लागतायत, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन बोटाच्या थेंबावर साखर तपासावी. हा मुलांमधला, इन्सुलिन लागणारा मधुमेह असू शकतो. त्यात उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास सुरू झाले तर तासांचा प्रश्न असतो. छातीची धडधड, हात थरथरणं आणि घाम यांसह वाढलेली भूक थायरॉइडची असू शकते.

औषधंही भूक वाढवतात. दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी स्टेरॉइड सुरू असेल तर मूल दिवसभर खायला मागतं. बाबांच्या फडताळातल्या बाटलीवरचं लेबलही एकदा वाचावं. नुसती जीवनसत्त्वं असतील तर कमतरता नसलेल्या मुलाची भूक त्यांनी वाढत नाही. सायप्रोहेप्टाडीन लिहिलेलं असेल तर ते मुळात अ‍ॅलर्जीचं जुनं औषध आहे. भूक आणि झोप हे त्याचे परिणाम, आणि बाटली संपली की भूकही संपते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

अगदी क्वचित एक वेगळा इतिहास ऐकू येतो. बाळपणी मूल लुळं, दूध ओढायलाही ताकद नसलेलं. आणि मग दोन वर्षांनंतर कधीतरी भूक येते ती जातच नाही, पोट भरल्याची जाणीवच होत नाही, मूल अन्न चोरून, लपवून खातं. झुरिकच्या डॉक्टरांनी १९५६ मध्ये वर्णन केलेला प्रॅडर-विली हा जनुकीय आजार असा असतो. लाखात काही थोडी मुलं. मनीचं तसं काही नाही. ती बाळपणी बाळसेदार होती, आणि ताट पुसून झाल्यावर ‘पुरे’ म्हणते. हे ‘पुरे’ म्हणणं निरोगी भुकेची मोठी खूण.

बाकी फिटल्यावर

नोव्हेंबरात अंगणवाडीच्या काट्यावर मनी १३.७ भरली. बाईंनी तक्त्यावर टिंब दिलं; जून-ऑगस्टमधे खाली झुकलेली रेघ पुन्हा आपल्या वाटेला लागली होती. त्याच सुमाराला तिचं जेवण उतरलं. अर्धी भाकरी, मूठभर भात, संपलं. आजीच्या कपाळाला पुन्हा आठी. ‘बघ, लागली ना कुणाची तरी नजर!’ बाबा नव्या बाटलीची चौकशी करू लागले. आईने मात्र जमैकातल्या मुलांची गोष्ट वाचलेली होती.

पौषात वाडीत पोपटी लागली. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मीठ-ओवा, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने ते उघडलं तेव्हा वाफेत शेंगांचा आणि पाल्याचा वास मिसळून आला. मनीने फुंकर घालून एक शेंग सोलली, दाणे एकेक करून खाल्ले. मग दुसरी. चौथ्या शेंगेनंतर तिने हात फ्रॉकला पुसले आणि पोरांमागे अंधारात पळाली.

तिला कुणी परत बोलावलं नाही.